इन्स्पेक्शनच्या आधी वाचलेला करार

पहिलं घर घेतलं तेव्हा इन्स्पेक्शनचा, म्हणजे घेण्याआधी घराची स्थिती तपासून देण्याचा, करार मी ड्राइव्हवेत उभ्या उभ्या, फोनवर बोटानं सही करून दिला होता. नोव्हेंबरची सकाळ होती, बोटं गारठली होती, इन्स्पेक्टरनं गाडीवरची शिडी उतरवली होती आणि एजंट दार उघडून वाट बघत होती. "नेहमीचाच आहे, सगळे करतात," असं कुणीतरी म्हणालं. पाच पानं होती. मी सरळ शेवटच्या पानावर गेले.

सात वर्षांनी ते घर विकायला काढलं. घेणाऱ्यांनी अंगणात तेलाची टाकी पुरलेली आहे का, हे शोधणारा माणूस बोलावला. न्यू जर्सीत याला टँक स्वीप म्हणतात. जुन्या घरांमध्ये हीटिंगसाठी तेल वापरत, त्याची लोखंडी टाकी बागेत पुरलेली असे. पुढे गॅस आला आणि टाक्या जमिनीतच राहिल्या. आमच्या हायड्रेंजियाच्या झुडपाशेजारी एक निघाली, तीही गळकी. राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवणं, टाकी उपसणं, भोवतीची माती काढून नेणं, नवी माती टाकणं आणि शेवटी 'आता आणखी काही करण्याची गरज नाही' असं खात्याचं पत्र मिळवणं, यात पाच महिने गेले आणि पाच आकडी डॉलर गेले. विक्री मोडता मोडता राहिली.

त्या काळात एका रात्री मी जुना करार शोधून काढला. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की जमिनीखालच्या टाक्या, पाइप आणि सांडपाण्याची लाइन या तपासणीत येत नाहीत. खाली माझी सही. इन्स्पेक्टरनं काही लपवलं नव्हतं. मला सांगायचं ते त्यानं वेळेत सांगितलं होतं, मी ते ऐकलं नव्हतं. याचा मला फार त्रास झाला, कारण टँक स्वीपला तेव्हा काहीशे डॉलर लागले असते आणि त्याचा निकाल हातात असता तर जुन्या मालकांशी बोलता आलं असतं.

म्हणून 2024 च्या शरद ऋतूत दुसरं घर बघितलं तेव्हा मी ठरवलं होतं की इन्स्पेक्शनच्या आधीचा प्रत्येक कागद वाचायचा.

घर 1964 सालचं. ऑफर मान्य झाली, करारावर सह्या झाल्या आणि तीन दिवसांचा अॅटर्नी रिव्ह्यू सुरू झाला. एजंटनं तयार केलेला करार कामकाजाच्या तीन दिवसांत वकिलाला नामंजूर करता येतो, ही सोय न्यू जर्सीत 1983 च्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आहे. आमच्या वकीलबाईंनी त्यात इन्स्पेक्शनची मुदत 14 दिवसांची करून घेतली. तो आकडा बोलणीतून ठरतो, कायद्यातून नाही. त्यामुळे तो आधीच नीट मागून घ्यावा. वेगवेगळ्या तपासण्यांना माणसं मिळवता मिळवता दिवस कसे जातात ते कळत नाही.

त्याच आठवड्यात विकणाऱ्यांकडून दोन कागद आले. एक भिंतींच्या शिसं मिसळलेल्या रंगाबद्दलचा. 1978 च्या आधी बांधलेल्या घरासाठी विकणाऱ्यानं शिशाच्या रंगाबद्दल जे माहीत असेल ते सांगायचं, ईपीएची, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेची, पुस्तिका द्यायची आणि घेणाऱ्याला हवी असेल तर शिशाची तपासणी करायला 10 दिवस द्यायचे, असा 1992 चा केंद्राचा कायदा आहे. दुसरा कागद विकणाऱ्यांनी घराच्या स्थितीबद्दल भरलेला फॉर्म. न्यू जर्सीत हा फॉर्म देणं ऑगस्ट 2024 पासून बंधनकारक झालं आणि त्याआधी मार्चमध्ये त्यात पुराचे प्रश्न आले. घर पूररेषेत आहे का, कधी पाणी शिरलं का, पुराच्या विम्याचे पैसे घेतले होते का.

हा फॉर्म मी आणि नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर बसून वाचला. बेसमेंटला पाणी, नाही. छप्पर, अकरा वर्षांपूर्वी बदललं. जमिनीखालची टाकी, 'माहीत नाही'. अॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, ओल, 'माहीत नाही'. नवरा म्हणाला, "अगं, इतकी वर्षं राहिलेत आणि माहीत कसं नाही?" पण फॉर्म विचारतोच तेवढं, विकणाऱ्याला काय माहीत आहे. तो अॅटिकमध्ये चढलाच नसेल तर त्यानं 'माहीत नाही' लिहिणं खरंच आहे.

मग इन्स्पेक्टर ठरवला. फोनवर अपॉइंटमेंट मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा करार ईमेलनं आला. सोबत दोन ओळी होत्या: हा आधी पाठवणं आम्हाला नियमानं बंधनकारक आहे, तपासणी सुरू होण्याआधी दोघांची सही लागेल, काही शंका असेल तर आधी फोन करा. मला त्या शेवटच्या वाक्याचं फार बरं वाटलं.

वर त्याचा लायसन्स नंबर होता. राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या साइटवर तो टाकून बघितला. लायसन्स चालू होतं, शिस्तभंगाची नोंद नव्हती. न्यू जर्सीत होम इन्स्पेक्टरांचं नियमन इंजिनिअर आणि भूमापकांच्या बोर्डाखालची एक समिती करते. लायसन्ससाठी 180 तासांचं शिक्षण लागतं, त्यातले 40 तास प्रत्यक्ष घरांमध्ये, दुसऱ्या लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली. चुका आणि त्रुटींसाठी किमान 5 लाख डॉलरचा विमा ठेवावा लागतो. हे सगळं मला पहिल्या वेळी माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं.

करारात पुढे घराचा पत्ता, फी, तपासणीचा उद्देश, आणि इन्स्पेक्टर राज्याच्या नियमांना बांधलेला आहे, ते पाळले नाहीत तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते असं सांगणारा मजकूर. मग तपासायच्या गोष्टी: पाया आणि ढाचा, बाहेरची बाजू, छप्पर, प्लंबिंग, वीज, हीटिंग, कूलिंग, आतल्या खोल्या, इन्सुलेशन आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, फायरप्लेस. पुढच्या दीड पानावर, काय तपासणार नाही ते.

हे दीड पान मी तीन वेळा वाचलं. सगळ्याच्या मुळाशी एकच कल्पना आहे. इन्स्पेक्टर डोळ्यांना दिसेल आणि सहज पोचता येईल तेवढंच बघतो. तो भिंत फोडत नाही, गालिचा उचलत नाही, इन्सुलेशन बाजूला सारत नाही, विकणाऱ्याचं सामान हलवत नाही. घर आजच्या बांधकाम नियमांत बसतं का, हे तो सांगत नाही. यंत्र किती वर्षं चालेल, घराची किंमत योग्य आहे का, घर घ्यावं की नाही, हेही नाही. बुरशी, जमिनीतून येणारा रेडॉन वायू, शिसं, अॅस्बेस्टॉस, वाळवी, पुरलेली टाकी, सांडपाण्याची लाइन ही कामं वेगळी, काहींना वेगळं लायसन्स.

विकणारा त्याला माहीत आहे तेवढं सांगतो आणि इन्स्पेक्टर त्याला दिसतं तेवढं सांगतो. जे विकणाऱ्याला माहीत नाही आणि इन्स्पेक्टरला दिसत नाही, ती मधली जागा घेणाऱ्याच्या पदरात पडते. आमची टाकी बरोबर त्या जागेत पुरलेली होती. आणि ती जागा कुठून कुठपर्यंत आहे हे तपासणीच्या आधी लिहून देणारा हा एकच कागद असतो. तो ड्राइव्हवेत हातात पडला तर त्यावर काही करायला वेळच उरत नाही.

आमच्याकडे पाच दिवस होते. मी एक कागद घेऊन न तपासण्याच्या यादीतली एकेक गोष्ट उतरवली आणि समोर लिहिलं, या घराला लागू आहे का. स्विमिंग पूल नाही, खोडलं. विहीर नाही, खोडलं. टाकी, 1964 चं घर, नक्की. सांडपाण्याची लाइन, अंगणात दोन मोठे मेपल आणि मुळं पाइपात शिरतात, म्हणून कॅमेरा घालून बघायचा. चिमणी, फायरप्लेस वापरायची आहे. घर हातबदल होताना चिमणीची दुसऱ्या पातळीची तपासणी करावी असं एनएफपीए 211 हे अग्निसुरक्षेचं मानक सांगतं आणि साध्या इन्स्पेक्शनमध्ये ती नसते. वाळवी आणि रेडॉन तर घ्यायचंच होतं. शिशासाठी वेगळा माणूस बोलवावा का यावर आमचं थोडं वाजलं. मुलं आता मोठी आहेत, भिंतींचा रंग कुठे सुटलेला दिसत नव्हता, म्हणून ते सोडलं. घरात रांगणारं बाळ असतं तर मी सोडलं नसतं.

दुसरं एक कलम मला खटकलं. काही चूक झाली तर इन्स्पेक्टरची जबाबदारी फीच्या रकमेपुरती राहील, असं त्यात होतं. मी वकीलबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं की 2004 साली न्यू जर्सीच्या अपील न्यायालयासमोर असाच करार आला होता. इन्स्पेक्टरची फी 385 डॉलर आणि करारात जबाबदारी फीच्या निम्म्यावर, म्हणजे 192 डॉलर 50 सेंटवर आणलेली. न्यायालयानं ते कलम अन्यायाचं ठरवून बाजूला सारलं. ज्या माणसाच्या शब्दावर विसंबून कुणी आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करतो, त्याला नाममात्र रकमेत सुटता येणार नाही, असा त्याचा आशय. कॅलिफोर्नियात तर होम इन्स्पेक्टरांना राज्याचं लायसन्सच लागत नाही, पण जबाबदारी रिपोर्टच्या किमतीपुरती मर्यादित करणारं कलम तिथला कायदा ग्राह्य धरत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "निकाल आपल्या बाजूचा आहे, पण त्या भरवशावर सही करू नका. काढायला सांगा." मी इन्स्पेक्टरला तसं लिहिलं. त्यानं ते कलम काढून नवी प्रत पाठवली. रागावला नाही, आढेवेढे घेतले नाहीत.

माझी मावसबहीण लाँग आयलंडला राहते. तिला हे सांगितलं तर तिनं स्वतःचा जुना करार काढून वाचून दाखवला. न्यूयॉर्कमध्ये काही वाक्यं नियमानंच ठरवून दिलेली आहेत आणि ती प्रत्येक करारात यावी लागतात. इन्स्पेक्टर फक्त सहज पोचता येणाऱ्या, प्रत्यक्ष पाहिलेल्या स्थितीवर लिहू शकतो, त्याला इंजिनिअरची किंवा आर्किटेक्टची सेवा देता येत नाही, असं त्यात आहे. आणि एक वाक्य मला फार आवडलं. तपासणीत कुणाच्या जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका दिसला, तर तो घरमालकाला आणि तिथे राहणाऱ्यांना सांगायला ग्राहक संमती देतो. रिपोर्ट ग्राहकाचा असतो, पैसे ग्राहक देतो, पण गॅस गळत असेल तर त्या रात्री तिथे झोपणारी माणसं दुसरी असतात. कुणीतरी तो विचार करून नियमात लिहिलं, याचं मला समाधान वाटलं.

करार वाचल्याचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र अगदी साध्या गोष्टीत झाला. 'सामान हलवणार नाही' हे वाचल्यावर मला पहिल्या घराचा रिपोर्ट आठवला. त्यात लिहिलं होतं: अॅटिक, तपासलं नाही, झाकणाखाली सामान. न तपासलेल्या गोष्टी कारणासकट नोंदवाव्या लागतात, ते त्यानं केलं होतं आणि मी तेही पुढे जाऊ दिलं होतं. या वेळी मी एजंटला लिहिलं: मालकांना कृपया सांगा की शनिवारपर्यंत अॅटिकचं झाकण, विजेचा पॅनेल, वॉटर हीटर आणि हीटिंगची भट्टी यांच्यासमोरची जागा मोकळी ठेवा. एजंट म्हणाली, हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

शनिवारी सकाळी नऊला पोचलो. करार मी छापून, सही करून नेला होता. इन्स्पेक्टर पन्नाशीचा, गुडघ्यांना पॅड बांधलेले, कमरेला टॉर्च. स्वतःची सही करण्याआधी त्यानं विचारलं, "वाचलात ना?" मी हो म्हटलं. तरी तो गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून दोन मिनिटं बोलला. मला दिसेल तेच मी लिहीन, पावसाचं पाणी कुठून शिरतं ते आज कोरड्या दिवशी कदाचित दिसणार नाही, आणि रिपोर्ट मी तुम्हालाच देईन. एजंटला द्यायचा का, याची चौकट करारात रिकामी होती. मी 'नाही' वर खूण केली. पुढे वकीलबाईंनी तेच योग्य म्हटलं. विकणाऱ्यांना त्यांनी फक्त लागतील तेवढीच पानं पाठवली.

बेसमेंट, पॅनेल, छप्पर यांत फार काही निघालं नाही. एका खिडकीखाली लाकूड मऊ झालं होतं, बाहेरच्या एका सॉकेटला जमिनीवर करंट जाण्यापासून वाचवणारं संरक्षण नव्हतं. मग तो वरच्या बेडरूमच्या कपाटात गेला. कपाट रिकामं होतं, सगळे खोके पलंगाशेजारी रचून ठेवलेले. त्यानं झाकण उचललं, शिडी लावली, आणि कमरेपर्यंत वर जाऊन बराच वेळ थांबला. मला त्याचे फक्त बूट दिसत होते.

खाली आल्यावर त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. बाथरूमच्या पंख्याची रुपेरी, लवचीक नळी छतातून बाहेर जायला हवी होती. ती अॅटिकमध्येच, इन्सुलेशनवर आडवी पडलेली, तोंड उघडं. तिच्या वर, छताच्या आतल्या फळ्यांवर, ताटाएवढा काळपट डाग आणि त्याभोवती बारीक ठिपक्यांचा पसारा. खिळ्यांची टोकं गंजलेली. कित्येक वर्षांच्या आंघोळींची वाफ तिथे चढत होती.

"बुरशी आहे का?" मी विचारलं.

"मी गडद डाग आणि ओलाव्याच्या खुणा असं लिहीन," तो म्हणाला. "बुरशी आहे की नाही हे सांगणं माझ्या करारात नाही. तपासून घ्यायला सांगीन."

करार वाचला नसता तर हे उत्तर मला टोलवाटोलवी वाटलं असतं. वाचला होता म्हणून कळलं की हा माणूस आदल्या आठवड्यात लिहून दिलेल्या शब्दाला धरून बोलतोय. तरीही निघताना मला राहवलं नाही. "तुम्ही आमच्या जागी असता तर हे घर घेतलं असतं का?" त्यानं मान हलवली. "ते मी सांगायचं नाही. पण रात्री रिपोर्ट वाचा आणि उद्या फोन करा, प्रत्येक ओळीवर बोलू." दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी पन्नास मिनिटं बोलला. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुठल्याला कुणाला बोलवायचं, सगळं. घ्या किंवा घेऊ नका, हे मात्र एकदाही नाही.

टँक स्वीपवाला सोमवारी आला. तो धातुशोधक घेऊन अंगणात रेघा मारल्यासारखा चालत होता आणि मी मागच्या पायरीवर उभी होते. पायरीपासून चार फुटांवर यंत्र वाजलं. माझ्या पोटात गोळा आला. त्यानं लोखंडी सळई जमिनीत घातली, पुन्हा घातली, गुडघ्यावर बसून हातानं माती उकरली. दोन फूट लांबीचा जुना पाइपचा तुकडा निघाला, कपडे वाळत घालायच्या खांबाचा बुंधा असावा. टाकी नव्हती. त्यानं तसं लेखी दिलं, तो कागद मी आजही जपून ठेवला आहे.

सांडपाण्याच्या लाइनमध्ये एका सांध्यात मुळांचा झुपका दिसला, साफ करून घेण्याजोगा. चिमणी ठीक. रेडॉनचे डबे बेसमेंटमध्ये 48 तास ठेवले, खिडक्या त्याच्या आधीपासून बंद. आकडा आला 5.3 पिकोक्युरी प्रति लिटर. 4 किंवा त्याहून जास्त असेल तर उपाय करा, असं ईपीए सांगते. न्यू जर्सीच्या वायव्य भागातल्या खडकात युरेनियम आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न जुना आहे. रेडॉनला वास नाही, रंग नाही, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ते धूम्रपानानंतरचं मोठं कारण आहे. साध्या इन्स्पेक्शनवर थांबलो असतो तर हे कळलंच नसतं.

वकीलबाईंनी मुदतीच्या बाराव्या दिवशी पत्र पाठवलं. मालकांनी रेडॉन बाहेर काढणारा पंखा बसवून द्यायचं आणि अॅटिकच्या कामाचे पैसे क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, वेळी वळते करायचं मान्य केलं. खिडकीचं लाकूड आम्ही आमच्याकडे घेतलं. अॅटिकच्या डागाचं नंतर वेगळ्या माणसाकडून बघून घेतलं. वरवरची बुरशी होती, फळ्या भक्कम होत्या.

जानेवारीत राहायला आल्यावर पहिलं काम त्या नळीचं केलं. छताला भोक पाडून झाकणाची जाळी बसवली आणि नळी धातूच्या पट्टीनं आवळली. पहिली मोठी थंडी पडली त्या आठवड्यात मी टॉर्च घेऊन कपाटातून वर गेले. खाली नवऱ्यानं मुद्दाम गरम पाण्याचा शॉवर सोडून ठेवला होता. नळीला हात लावला, ती कोमट होती. वरच्या फळीवरून बोट फिरवलं. डाग पुसून काढल्याची फिकट खूण तेवढी राहिली होती, लाकूड कोरडं होतं.